चुकीच्या मण्यावरचं अंडं

नोकरीच्या काळात मी किती गर्भाशयं रंगवली ते मलाच सांगता यायचं नाही. मांजरपाटावर रंगवली, पुठ्ठ्यावर रंगवली, एकदा कोरेगावच्या बाजारात भिंतीवर पुरुषभर उंचीचं रंगवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर कुणीतरी त्याच्यावर चुना फासलेला. एस.टी.त शेजारचा माणूस विचारायचा, "पाव्हणं, काय काम करता?" मी म्हणायचो, "आरोग्य खात्यात चित्रकार आहे," आणि पुढचा प्रश्न यायच्या आत तंबाखूची पिशवी त्याच्यापुढं करायचो.

माझं एक काम त्या काळी आमच्या खात्यात गाजलं. 'मास्तरांचं चक्र' म्हणून ते ओळखलं जाई. मला मास्तर म्हणत, कारण खात्यात येण्याआधी मी शाळेत चित्रकला शिकवत होतो. ते चक्र माझं नव्हतं. त्याच्याआधी जी चूक झाली ती मात्र माझी होती, आणि तिचं खापर दुसऱ्याच माणसाच्या डोक्यावर फुटलं. हे इतकी वर्षं मी कुठंही बोललो नाही. आता बोलायला बसलो, तर मनात आधी काय येतं? लाज येते, पण तिच्याआधी ते दिवसच धावत येतात. काय दिवस होते ते.

पासष्टच्या लढाईच्या आगेमागेची गोष्ट. कुटुंबनियोजनाचा प्रचार जोरात होता. एक जीप, एक ड्रायव्हर, एक डॉक्टर, एक नर्सबाई आणि चित्रं काढायला मी, अशी आमची फौज. मला शरीराची चित्रं काढायची होती आणि शरीराविषयी मला शून्य माहिती होती. शाळेत मी शिवाजीमहाराज आणि कमळ काढायला शिकवत असे. म्हणून डॉक्टरांनी मला पहिल्याच महिन्यात सांगलीला एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नेलं आणि सूक्ष्मदर्शकावर डोळा लावायला सांगितलं.

मी बघितलं आणि मागं सरकलो. मग पुन्हा बघितलं. काचेच्या एवढ्याशा पट्टीवर शेकडो जीव शेपट्या मारत धावत होते. कुणी सरळ, कुणी गोल गोल, कुणी जागच्या जागी वळवळत. आमच्या विहिरीत पावसाळ्यात बेडकाची पिल्लं धावतात तसे.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"मास्तर, हे आपण आहोत," डॉक्टर म्हणाले. "वयात आल्यापासून म्हातारा होईपर्यंत पुरुषाच्या वृषणात हे रोज तयार होत असतात. एकेकाला पुरतं तयार व्हायला दोन महिन्यांवर लागतात. पण लाखांनी रांगेत उभे असतात, त्यामुळे तुटवडा पडत नाही."

"आणि बाईचं?"

"बाईचं उलट. तिची सगळी अंडी ती जन्माला येतानाच घेऊन येते. नवीन एकही तयार होत नाही. वयात आल्यावर महिन्याला बहुधा एक पिकतं, नळीत येतं, बीज भेटलं तर गर्भ राहतो. नाही भेटलं, तर गर्भाशयानं पाहुण्यासाठी आतून जे मऊ अस्तर घातलेलं असतं ते सोडून द्यावं लागतं. ते रक्ताबरोबर बाहेर पडतं. त्यालाच तुम्ही विटाळ म्हणता."

परतीच्या वाटेवर मी मनात हिशोब करत होतो. माझी आई जन्माला आली तेव्हाच तिची सगळी अंडी तिच्यात होती, तर ज्यातून मी झालो तेही होतंच. म्हणजे आई माझ्या आजीच्या पोटात होती तेव्हा माझा अर्धा भागही तिथंच होता. आजी कोरेगावच्या शेतात उन्हाची खुरपत असेल, तिच्या पोटात आई, आणि आईत मी. मला जीप थांबवून कुणाला तरी हे सांगावंसं वाटत होतं. पण रस्त्यावर मेंढरांशिवाय कुणी नव्हतं.

मेंढरांचा आमच्या चित्राशी संबंध आलाच. गर्भाशयाचं माझं पहिलं मोठं चित्र मी वडूजकडच्या एका गावात पारावर वाळत ठेवलं होतं. मधे पिशवी, वर दोन्हीकडं वळलेल्या नळ्या, टोकाला बीजकोश. एक म्हातारा धनगर काठी टेकून बराच वेळ बघत उभा राहिला.

"पेंटर, मेंढा झ्याक काढलायस," तो म्हणाला. "पर डोळं ऱ्हायलं की रं."

आमच्या नर्सबाई म्हणजे हिराबाई. त्या जीपमध्ये बसल्या होत्या. त्या दिवशी त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी प्यावं लागलं. हिराबाई म्हसवडच्या. छप्पन सालानंतर बौद्ध झालेलं घर. वडिलांनी मोलमजुरी करून त्यांना शिकवलं, मिरजेकडं नर्सिंगचं शिक्षण झालं. वयानं माझ्याएवढ्याच. गावात बायकांची बैठक त्या घ्यायच्या. मी चित्रं काढायचो खरा, पण बायकांपुढं ती दाखवताना मला आत जायची सोय नव्हती. मी भिंतीच्या पलीकडं बसायचो आणि ऐकायचो.

त्या ऐकण्यासारखी मजा मी पुढं कुठल्या तमाशातही अनुभवली नाही.

"बाय, ह्ये अंडं कोंबडीसारकंच आसतंय का?" एकजण विचारायची.

"नाही हो, मोहरीच्या दाण्याहून लहान असतं."

"आगं बया. एवढ्याशासाटी सासू मला एवढं बोलती व्हय."

मग हशा. दुसरी म्हणायची, "आन पोरगा का पोरगी ते कुणाच्या बीजावर हाय म्हणालीस?"

"पुरुषाच्या."

लगेच एक ठसकेबाज म्हातारी, "ह्ये तू भाईर पारावर जाऊन सांग की गं. मी येती तुज्यासंगं."

आता चुकीकडं येतो. बायकांना महिन्याचं गणित समजावं म्हणून डॉक्टरांनी एक चक्र काढायला सांगितलं. बहुतेकींना आकडे वाचता येत नव्हते, म्हणून मी मण्यांचं कडं काढलं, गळ्यातल्या माळेसारखं. चार मणी लाल, ते अंगावर जाण्याचे दिवस. त्यांच्यापुढं एक तांब्याचं घंगाळ काढलं, कारण पाचव्या दिवशी बाई डोक्यावरून न्हाते आणि घरात येते. फ्लॅनेलच्या फळ्यावर हे सगळं चिकटवायचं होतं. अंडं वेगळं कापून, मागं चिकटायला खरखरीत काचकागद लावून, मी ते घंगाळापासून मोजत चौदाव्या मण्यावर ठेवलं. डॉक्टरांनी चौदावा दिवस सांगितला होता ना.

हिराबाई मागं उभ्या होत्या. "मास्तर, पहिला मणी लाल धरायचा असतो," त्या म्हणाल्या.

"बाई, आमच्याही घरात बायका आहेत," मी म्हणालो. "आणि डॉक्टरांनी पास केलंय."

डॉक्टरांनी पास केलं होतं हे खरं. चहा पिता पिता, लांबून. मी त्याच्या आणखी दोन प्रती केल्या आणि एक कोरेगावच्या, एक म्हसवडच्या केंद्रावर पाठवून दिली.

हिराबाई बैठकीत तोंडानं लाल मण्यापासूनच मोजा असं सांगत राहिल्या. पण चित्र तोंडापेक्षा मोठ्यानं बोलतं. आणि पुरुषांच्या तर त्यांनी सांगितलेलं कानावरच जात नव्हतं. पुरुष माझ्याकडं यायचे.

त्याच वडूजकडच्या गावात असा एकजण आला. हणमंत. पुण्याच्या छावणीत ट्रक चालवायचा. लढाईपासून मोठी रजा बंद होती, चार-चार दिवसांच्या सुट्ट्या मिळत. तो मला पारावरून बाजूला घेऊन गेला.

"मास्तर, ते तुमचं गोल चित्र. त्यात माणसानं घरी कवा यायचं ते हाय का?"

"का रं?"

"लगीन होऊन तीन वर्सं झाली. पयल्या सुट्टीला आलो तर कुसुम माह्यारी. भनीचं बाळंतपण हुतं. दुसऱ्या सुट्टीला आलो तर ती भाईरची. चार दिवस मी वसरीला आन ती गोठ्याकडंला. लांबनं बगत बसलो, गड्या." त्यानं इकडंतिकडं बघितलं. "आईनं दुसरी पोरगी बघून ठेवलीया. दसऱ्याच्या आत कुसुमला दिवस गेलं न्हाईत, तर तिला माह्यारी धाडणार म्हणती."

"तुला दुसरी पाहिजे का?"

"मला न्हाई पायजे. पर माजं कोण ऐकतंय."

दुसऱ्या लग्नाला कायद्यानं बंदी होती. पण गावात लग्न आधी लागायचं आणि कायदा मागून चालत यायचा. मला त्या पोराची कणव आली आणि, खरं सांगतो, उत्साहही आला. माझ्या चित्रानं एका बाईचा संसार वाचणार होता. त्यानं कुसुमला विचारून तिच्या न्हाण्याचा दिवस आणला. तिची पाळी घड्याळासारखी नियमित. मी जमिनीवर काडीनं माळ काढली, पुढच्या महिन्याचे मणी मोजले आणि चौदाव्याच्या आगेमागे ये म्हणून सांगितलं. हिराबाईंना विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही.

तो आला, राहिला, गेला. पुढच्या वेळी आमची जीप गावात शिरली तेव्हा त्याची आई, सखूबाई, चावडीपुढं वाट अडवून उभी होती. माणसं जमलेली.

"आली बगा, म्हैन्याचा हिशोब शिकवणारी," ती हिराबाईंकडं हात करून म्हणाली. "हिनं सांगिटल्या दिसाला माजा ल्योक सुट्टी काढून आला. आन झालं काय? सून परत भाईर बसली. आवं, हिच्या हातचं पानी आपल्याला चालत न्हाई, आन हिचा सल्ला चालतोय व्हय? माजंच चुकलं. दारात घ्यायलाच नको हुती."

हिराबाई म्हणाल्या, "मावशी, मी दिवस सांगितला नव्हता. पण आता नीट सांगते. कुसुमला भेटू द्या."

"पाय ठिवू नगंस माज्या दारात."

मी फळ्याच्या कापडाची गाठ बांधत होतो. ती बांधून झाली होती. मी ती सोडली आणि परत बांधली. "दिवस मी सांगितला होता," एवढंच वाक्य होतं. ते माझ्या तोंडातून बाहेर पडलं नाही. हणमंत पुण्यात, डॉक्टर दुसऱ्या गावात. ते वाक्य बोलू शकणारा तिथं मी एकटाच होतो.

दुसऱ्या दिवशी कचेरीत हिराबाईंनी शांतपणे विचारलं, "मास्तर, त्या शिपायाला कुणी सांगितलं होतं?"

"मी."

"कुठून मोजलंत?"

मी फळ्यावर घंगाळावर बोट ठेवलं.

"तुमच्या घरात महिना कुठून धरतात?"

"न्हाल्यापासून. आधीचे दिवस बाई बाहेर असते. ते दिवस..." मी अडखळलो. "ते धरतच नाहीत."

"पण शरीर धरतं," त्या म्हणाल्या. "अंगावर जायला लागलं तो पहिला दिवस. तिथून चौदावा. तुम्ही न्हाण्यापासून मोजलंत. तो पोरगा एस.टी.तून उतरला तेव्हा अंडं मरून दिवस उलटले होते. ते एक दिवससुद्धा जेमतेम टिकतं."

मी खुर्चीत बसलो. किती साधी गोष्ट. आमच्या घरी आई चार दिवस मागच्या पडवीत बसायची, तिला शिवायचं नाही, तिच्याशी फार बोलायचं नाही, आणि पाचव्या दिवशी ती न्हाऊन आली की घराचा महिना सुरू. मी ते चार दिवस माळेत रंगवले, तेही लालभडक, आणि मोजायचे तेवढे विसरलो.

"आता काय करायचं?" मी म्हणालो. "सगळ्यांना लाल मण्यापासून मोजायला शिकवू."

"वर्षभर तेच शिकवतेय मी," हिराबाई म्हणाल्या. त्या फळ्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळत गेलेलं मी बघितलं. "नाही मोजत त्या. विचारलं की म्हणतात, न्हाऊन अमुक दिवस झाले. तोच दिवस लक्षात राहतो. तोच सणासारखा असतो त्यांना, घरात परत येण्याचा. मग मोजू द्या ना तिथूनच. त्यांचं कशाला बदलायचं? आपलं अंडं बदलू."

त्यांनी अंड्याखाली नख घातलं. काचकागद चर्र करून सुटला. घंगाळापासून बोटानं मोजत त्या दहाव्या मण्यावर आल्या आणि अंडं तिथं दाबून बसवलं. "आणि बीज दोन-तीन दिवस वाट बघत जगतं," त्या म्हणाल्या, "म्हणून याच्या अलीकडचे तीन मणी पिवळे करा. नवऱ्यानं पिवळ्यावर यायचं, अंड्याची वाट बघायला. अंड्यानं नवऱ्याची नाही."

मी अंगात वारं भरल्यासारखा रंग कालवायला बसलो. तसं काम मी त्याआधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही. दोघंही एकाच वेळी बोलत होतो. चहावाला पोचला तरी आमचं लक्ष नव्हतं.

कुसुमच्या घराचं दार बंद होतं, पण वडूजचा बाजार उघडा होता. हिराबाईंनी तिला बांगडीवाल्याच्या दुकानात गाठलं. हातात बांगड्या चढवता चढवता न्हाण्याचा दिवस विचारून घेतला. हणमंताला पोस्टकार्ड मी लिहिलं. उघड्या कार्डावर असलं लिहिणार कसं? "बैल आजारी आहे, अमुक दिवसाच्या आत पोचावे," असं लिहिलं. त्यांच्याकडं बैल नव्हता. हणमंताला कळायचं ते कळलं.

तो पिवळ्या मण्यावर आला. मग वाट बघणं आलं. माझी झोप उडाली. दसरा जवळ येत होता. वडूजच्या बाजारच्या दिवशी हिराबाई बांगडीवाल्याकडं जायच्या आणि कुसुम दिसली नाही की तशाच परतायच्या. एका बाजाराला त्या जवळजवळ पळत जीपपाशी आल्या. पदर सुटलेला, हातातली पिशवी मागं कुठंतरी विसरलेली.

"मास्तर, न्हाण्याचा दिवस येऊन गेला. न्हालीच नाही ती. वर सकाळपासून उलट्या."

ड्रायव्हरला काही कळेना, आम्ही दोघं का हसतोय.

दसऱ्यानंतर सखूबाईनं पुन्हा जीप अडवली. या खेपेला हातात नारळ आणि टॉवेल-टोपी. "मास्तर, हणमंतानं सांगिटलं. तुमीच कारड धाडलं हुतं म्हनं. देवमाणूस हाय तुमी." तिनं नारळ माझ्या हातात दिला, टोपी डोक्यावर घातली. हिराबाई चार पावलांवर होत्या. मी नारळ घेतला. टोपीही घेतली.

पुढचं सगळं त्या टोपीतूनच आलं. डॉक्टरांनी वरिष्ठांना सांगितलं, "आमच्या मास्तरांचं डोकं." सांगलीच्या बैठकीत चक्र टेबलावर ठेवून एका साहेबांनी विचारलं, "ही न्हाण्यापासून मोजायची कल्पना कुणाची?" हिराबाईंना त्या बैठकीला बोलावलेलं नव्हतं. मी उभा राहिलो. उभं राहणं हेच उत्तर झालं. ते चक्र छापलं गेलं, त्याखाली माझं नाव आलं.

हिराबाईंनी त्यावर चकार शब्द काढला नाही. त्यांना घाई दुसरीच होती. "कोरेगाव आणि म्हसवडच्या प्रतींवर अंडं अजून चुकीच्या मण्यावर आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी मला घेऊन दोन्ही केंद्रं गाठली. कोरेगावात एका बाईनं मला ओळखलं. तिला पोरं पुरे झाली होती आणि ती माझ्या चित्रावरून दिवस टाळत होती. तिनं पोटावरचा पदर नीट केला. "ह्यो बगा पेंटर, तुमचा मणी. पाचवा हाय." सगळ्या बायका हसल्या. ती हसली नाही. हिराबाई तिच्याजवळ बसून राहिल्या आणि मी अंडं सोडवून दहाव्या मण्यावर लावलं.

पुढं मला हेही कळलं की प्रत्येकीचं चक्र तेवढंच नसतं, कुणाचं लांब, कुणाचं आखूड, आणि माळेवर सगळा भरवसा ठेवायचा नसतो. हिराबाई ते तेव्हाच सांगत होत्या. छापलेल्या चक्रावर त्यांनी तशी ओळ घालायला सांगितली होती. जागा नाही म्हणून मी घातली नाही. त्या चक्रावरून कुणाकुणाचे दिवस चुकले असतील, मला माहीत नाही.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो घेऊन सांगलीला हिराबाईंकडं गेलो. त्या आता नातवाकडं असतात. डोळे अधू झाले आहेत, म्हणून मीच वाचून दाखवला. धनगराच्या मेंढ्यापाशी त्या पुन्हा तशाच हसल्या. चावडीचा भाग वाचून झाल्यावर मी कागद खाली ठेवला. मी म्हणालो, "बाई, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं."

"बोलला नाहीत त्याचं मला फारसं काही वाटलं नाही," त्या म्हणाल्या. "त्या वेळी कितीजण बोलायचे? आणि नाव छापलं त्याचंही नाही. चक्र गावोगाव गेलं, मला तेवढं पुरे होतं."

मला हलकं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पण रोज तुम्ही मागं माझ्या शेजारी बसायचात, फळा मांडीवर घेऊन. त्या दिवशी गावातनं निघताना पुढं ड्रायव्हरजवळ जाऊन बसलात. फळा माझ्या शेजारी ठेवलात. घरी जाईपर्यंत मी त्या फळ्याकडं बघत होते."

मला ते आठवत नाही. रात्रंदिवस आठवून बघितलं, नाही आठवत. पण हिराबाईंचं मोजणं कधी चुकलेलं नाही. त्या म्हणतात म्हणजे मी पुढंच बसलो होतो. लेखात ते नव्हतं. आता घातलं आहे.